चौथी बाई

फार्मसीवाल्या बाईंचा पाय जिन्यावरून घसरला आणि घोटा सुजून टम्म झाला, तोही नेमका शुक्रवारी, नेमका थोरल्या काकू गेल्या त्याच सकाळी. मधलीने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. सूर्य मावळला की शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार, आणि त्याआधी थोरल्या काकू मातीत जायला हव्यात. नाही गेल्या तर शनिवारी दफन नाही, म्हणजे थेट रविवार. तोवर दोन रात्री त्या मागच्या खोलीत तशाच पडून राहणार, न धुतलेल्या, कफन न घातलेल्या. जिने बेचाळीस वर्षं यहुदी महिला मंडळ चालवलं, समाजातली एकही बाई अशी पडू दिली नाही, तिच्याच वाट्याला हे यावं? नशीब आंधळं असतं म्हणतात, पण इतकं नेम धरून मारताना मात्र त्याला बरोबर दिसतं.

मंडळाची कामं तशी पुष्कळ. बाळंतिणीच्या घरी महिनाभर दूध, थंडीत पोरांना कोट, लग्न ठरलेल्या गरीब मुलीला भांडीकुंडी. पोर आपल्यातलं की दुसऱ्यांचं, हे थोरल्या काकूंनी कधी विचारलं नाही. आणि सगळं मागच्या दाराने. घेणाऱ्याला देणारी दिसता कामा नये, नाहीतर उद्या रस्त्यात समोरासमोर आल्यावर त्याने मान कुठे लपवायची? पण सगळ्यांत मोठं काम म्हणजे मेलेल्या बायकांना अखेरचं धुणं. त्याला चार जणी लागतात. तिघी पाणी ओततात, चौथी धरून ठेवते. तिघींत ते होत नाही, करून पाहायचंही नाही.

फार्मसीवाल्या बाई पडल्यावर आता होत्या तिघीच. मधली स्वतः, ती थोरल्या काकूंच्या दिराची दुसऱ्या नंबरची मुलगी, आई लवकर गेली म्हणून काकूंच्या हाताखाली वाढलेली, आता पन्नाशीला टेकलेली, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान चालवणारी. दुसऱ्या धाकट्या काकू, थोरलींच्या जाऊबाई, वय शहात्तर, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. आणि तिसऱ्या ग्रंथपालबाई. त्या निवृत्त झाल्या तरी अजून कुजबुजतच बोलायच्या, आणि उजव्या कानाने ठार बहिऱ्या असल्यामुळे दुसऱ्यांची कुजबुज त्यांना ऐकू येत नसे.

सिनेगॉगच्या मागच्या अंगणात धुण्याची खोली, तिच्याआधी एक छोटी बसायची खोली, तिथे बाकावर तिघी बसल्या होत्या. चौथी कोण, हे तिघींच्याही मनात होतं आणि तिघींनीही ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. वहिनी.

वहिनी म्हणजे मधलीच्या दादाची बायको, इस्पितळात नर्स. बाहेरच्या घरातून आलेली. तिने धर्म रीतसर घेतला होता, दोन वर्षं शिकून, तीन धर्मगुरूंपुढे बसून, स्नान करून. त्याला बावीस वर्षं झाली. थोरल्या काकूंनी तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि मंडळात कधी घेतलंही नाही. बैठक असली की बाकी सगळ्यांना निरोप जायचा, तिला नाही. दादा एकदा चिडून विचारायला गेला तेव्हा काकूंनी त्याला चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत पाठवलं.

एवढंच असतं तरी मधलीने वहिनीला बोलावलं असतं. पण चार दिवसांपूर्वी काकूंनी मधलीचं मनगट धरलं होतं. बोटांत एवढं बळ कुठून आलं देव जाणे. म्हणाल्या, "मंडळ आता तुझं. एकच सांगते. तिचा हात मला लागू देऊ नकोस." ती म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. मधली हो म्हणाली. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

"रविवारपर्यंत थांबू या," धाकट्या काकू म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शब्द तो शब्द. जिवंत माणसाला दिलेला मोडला तर माफी मागता येते; मेलेल्याला दिलेला मोडला तर कुणाच्या दारात जाणार? पलीकडच्या गावातून चौथी बाई रविवारी सकाळी मागवू, दोन रात्रींनी कुणाचं काय जातंय?

मधलीला एरवी यांच्यापुढे बोलायची छाती होत नसे. आज झाली. ती म्हणाली की काकू, तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात ना, माती पडेपर्यंत जीव अंगाजवळच घुटमळत असतो आणि सगळं ऐकतो म्हणून? मग दोन रात्री त्यांना इथे एकट्याला ऐकत ठेवायचं? काय ऐकतील त्या? नळाचं टपटपणं?

धाकट्या काकूंनी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मधलीने इस्पितळात फोन लावला. शब्द मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर, एवढं ती मोठ्याने म्हणाली, आणि ते फोनमध्ये बोलली की दारापलीकडे, हे तिचं तिलाही कळलं नाही.

वहिनी एक वाजता आली. पांढरे रबरी बूट, घाईघाईत बदललेले कपडे, हातांना इस्पितळाच्या साबणाचा वास. तिने एकच विचारलं, त्यांना चालेल का. मधलीला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "नाही चालणार. तरी ये."

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली आणि बाह्या वर सारून आत गेली.

आतली खोली म्हणजे छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरश्या, वर एक लहानशी दुधी काचेची खिडकी, मधोमध लाकडी फळ्यांचं टेबल. डोक्याशी मेणबत्ती. फळ्यांवर चादरीखाली थोरल्या काकू. जिवंतपणी त्या उंच वाटायच्या. चादरीखाली अगदी लहान दिसत होत्या, आणि तरीही खोलीत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जागा नाही असं वाटत होतं. मधलीने रीतीप्रमाणे सुरुवातीचे शब्द म्हटले, आम्ही जे करू ते तुमच्या मानासाठी करू, चुकलं तर पदरात घ्या. आजवर कित्येक बायकांना तिने हे म्हटलं होतं. आज पहिल्यांदा शेवटी थांबून उत्तराची वाट पाहावीशी वाटली.

आत आल्यावर कामापुरतंच बोलायचं. अंगावरून कुठलीही वस्तू इकडून तिकडे द्यायची नाही, वळसा घालून जायचं. एक भाग उघडा करायचा, धुवायचा, झाकायचा. चौघी चार कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या. खिडकी बंद होती, दार बंद होतं, आणि मेणबत्तीची ज्योत एका बाजूला झुकली होती. वहिनी उभी होती त्याच्या उलट बाजूला. धाकट्या काकूंनी ते पाहिलं आणि मधलीनेही पाहावं म्हणून हनुवटीने खूण केली. ज्योत हलत नव्हती, फडफडत नव्हती. नुसती झुकून राहिली होती.

पाठ धुवायची वेळ आली. अंग कुशीवर वळवायचं, मधलीने हात पुढे केले, चादर अजून वरच होती.

"कंबरेखाली माझा हात राहू द्या," वहिनी म्हणाली. "माकडहाडाशी जखम होती. भरलीय, पण कातडी पातळ आहे."

चादर उचलली. माकडहाडापाशी खरंच एक गुलाबी चट्टा होता, नाण्याएवढा, नीट भरून आलेला. धाकट्या काकूंनी आधी चट्ट्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. विचारायचं होतं ते त्यांच्या तोंडाशी येऊन थांबलं, कारण आत कामापुरतंच बोलायचं असतं. मधलीने पाठ धुतली, पुसली, झाकली. मनात मात्र एक टोचणी लागून राहिली.

मग पाणी. तीन बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या असतात. डोक्यापासून पायापर्यंत धार सोडायची, आणि धार तुटू द्यायची नाही. पहिलीची बादली रिकामी व्हायच्या आत दुसरीची धार लागली पाहिजे, दुसरीच्या आत तिसरीची. मधे क्षणभर जरी खंड पडला तरी सगळं वाया, पुन्हा तिन्ही भरा, पुन्हा पहिल्यापासून. चौथी बाई अंग धरून ठेवते आणि म्हणत राहते, ती शुद्ध आहे, ती शुद्ध आहे. मधलीच्या आठवणीत धार कधी तुटली नव्हती. एका बादलीला एकदा म्हणायचं, तीन वेळा म्हटलं की पाणी संपायचं, इतका तो हिशेब हातात बसलेला.

मधलीने काकूंचे खांदे धरले. धाकट्या काकूंनी सुरुवात केली. त्यांचं पाणी निम्म्यावर आलं तशी वहिनीने आपली बादली उचलली आणि कलती केली. पाणी काठाशी आलं आणि तिथेच राहिलं. मधली हातभर अंतरावर उभी होती, तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. बादली तिरकी, पाणी काठावर फुगून आलेलं, आणि पडत नाही. धाकट्या काकूंचं पाणी संपलं. फळ्यांवरून थेंब गळल्याचा आवाज आला. आणि मग वहिनीची धार धाडकन सुटली.

"तुटली," ग्रंथपालबाई कुजबुजल्या.

नळाला पाणी बारीक येत होतं, तिन्ही बादल्या भरायला वीस मिनिटं लागली. दुधी काचेवरचं ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. बाहेर अंगणात दादा आणि पुरुषमंडळी थांबलेली, दादाने दोनदा खाकरून वेळेची आठवण दिली. या खेपेला वहिनी तिसरी, धाकट्या काकू दुसऱ्या. ग्रंथपालबाईंचं पाणी, त्यात धाकट्या काकूंचं मिसळलेलं, अगदी ठीक. वहिनीने बादली या वेळी चांगली लवकर कलती केली, जवळजवळ आडवी. पाणी काठाशी आलं आणि थांबलं. वहिनीचे हात थरथरत होते आणि पाणी थरथरत नव्हतं. धाकट्या काकूंची धार बारीक झाली, दोऱ्यासारखी झाली, संपली.

त्या शांततेत ग्रंथपालबाईंनी एकदम आपला उजवा कान हाताने झाकला. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. त्या म्हणाल्या की या कानाने मला अठरा वर्षांत काही ऐकू आलेलं नाही, पण आत्ता आलं, याच कानात, अगदी जवळून.

"काय आलं?" मधलीने विचारलं.

"दार लाव, म्हणाली."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. आत येताना ते मधलीने स्वतः लावून घेतलं होतं. आता ते चार बोटं उघडं होतं. वहिनीने बादली खाली ठेवली, टेबलाला पूर्ण वळसा घालून गेली आणि दार लावलं, आवाज न करता, मूठ वळवून, मग सोडून. रोजच्या सवयीचं काम करावं तसं. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

धाकट्या काकूंना ते दिसलं नाही किंवा त्यांनी पाहिलं नाही. "बास झालं," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणतेय. जिवंतपणी म्हणाली, आता म्हणतेय. किती वेळा सांगायचं तिने? तू बाहेर जा." हे वहिनीला. तिने मान खाली घातली आणि बाह्या खाली सोडायला घेतल्या.

आणि मधलीला ती टोचणी कसली होती ते कळलं.

मागच्या हिवाळ्यात थोरल्या काकू पडल्या होत्या. आठवडाभर इस्पितळ, मग दीड महिना घरी अंथरुणात. मंडळाच्या बायका डबे घेऊन गेल्या तर काकूंनी आतूनच सांगितलं, मी काय मेलेय का, माझं मी बघते. कुणाला खोलीत घेतलं नाही. एक्याऐंशीव्या वर्षी बाई एकटी बिछान्यात, आणि तरी दहा वाजता कुणी खिडकीतून डोकावलं तर केस विंचरलेले, चादर स्वच्छ. धाकट्या काकू चारचौघांत ते अभिमानाने सांगायच्या, आमच्या जाऊबाई म्हणजे मोडतील पण वाकणार नाहीत. पण पाठीला जखम झाली की ती आपोआप भरत नाही. रोज कुणीतरी वळवावं लागतं, धुवावं लागतं, खालचं काढावं लागतं, दार लावून. आणि त्याच हिवाळ्यात दादा कुरकुरत होता की हिची ड्यूटी सातची, मग ही पाचला घरातून का निघते?

"वहिनी, तू जायचीस ना?" मधलीने विचारलं. "त्यांच्याकडे. रोज सकाळी."

वहिनीने एकदा फळ्यांकडे पाहिलं. "मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "आणि त्या ऐकतायत."

धाकट्या काकूंनी हातातली बादली हळूच खाली टेकवली. त्यांना आता सगळं समजलं होतं, आणि ते समजणं त्यांच्या चेहऱ्यावर चापट बसल्यासारखं दिसत होतं. बावीस वर्षं दूर ठेवलं ते बाहेरची म्हणून असेलही. पण तिचा हात लागू देऊ नकोस, हे त्यासाठी नव्हतं. तो हात एकदा लागून चुकला होता म्हणून होतं. जिने अख्ख्या गावाला दिलं, तिला एकीकडून घ्यावं लागलं होतं, तेही अशा वेळी, अशा गोष्टीसाठी, आणि जिला कधी दारात घेतलं नाही तिच्याकडून. ते थोरलींना मरताना सुद्धा सोसत नव्हतं.

मधली आयुष्यभर थोरल्या काकूंना भ्यायली होती. आत्ताही भीत होती, उलट जिवंतपणी वाटायची त्याहून जास्त. ती वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. चादरीतून गार हवा आली.

"काकू, वहिनीने काही सांगितलं नाही बरं का. माझं मलाच कळलं. शिवणारी आहे मी, फाटलेलं कुणी सांधलं असलं की टाका दिसतोच मला. तुम्ही मला शब्द मागितलात, मी दिला, आणि मोडला. त्याचं काय ते माझ्याकडून घ्या, तिच्याकडून नको. तुम्हाला वाटतंय तिचं देणं राहिलं, होय ना? राहिलंच. आता ते फिटत नाही. मेलेल्या माणसाला काही फेडता येत नाही, म्हणून तर आपण हे काम सगळ्यांत वरचं मानतो. तुम्हीच शिकवलंत मला, याच टेबलाशी. आता तुम्हाला फेडायला नको, लपवायला नको. सुटलात तुम्ही. मला तुमची फार आठवण येणार आहे काकू, मला दोन रात्री तुम्हाला इथे ठेवायचं नाही. हात लागू द्या."

मग धाकट्या काकू हलल्या. बादल्या भरेपर्यंत त्या नळाशी उभ्या राहिल्या. आपली बादली उचलून त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि वहिनीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. काठाला काठ टेकवला. नुसतं म्हणाल्या, "तू आधी."

वहिनीने बादली कलती केली. पाणी काठाशी आलं. आणि पाणी पडलं, सरळ, जाड, सावकाश धारेने, कपाळावरून छातीवर, छातीवरून पायाकडे. धाकट्या काकूंचं त्यात मिसळलं, मग ग्रंथपालबाईंचं. ती शुद्ध आहे, मधली म्हणाली. ती शुद्ध आहे. ती शुद्ध आहे.

तीन वेळा म्हणून झालं. तिन्ही बादल्या उलट्या झालेल्या तिला दिसत होत्या, तिन्हींचे तळ वर. आणि पाणी पडतच होतं. तिने चौथ्यांदा म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा तिचा आवाज फुटला. हातांखालचे काकूंचे खांदे इतका वेळ ताठ होते, ते सैल पडले, झोपलेल्या माणसाचे पडतात तसे. मग धार बारीक झाली आणि थांबली. ज्योत सरळ झाली होती. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुसायला कोरडी चादर घेतली. त्या पाचव्या वेळेबद्दल पुढे कधी कुणी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

बाकीचं भराभर झालं. गाठी न मारता शिवलेलं पांढरं कफन, ते मधलीनेच शिवलेलं होतं, वहिनीने बाही चढवली, धाकट्या काकूंनी पट्टा बांधला. पुरुषांनी पेटी उचलली. मातीची शेवटची मूठ पडली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं, म्हणजे वेळेत झालं.

परत आल्यावर अंगणातल्या नळाशी हात धुवायचे असतात. तांब्या एकीने दुसरीच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, पुढचीने उचलायचा. ग्रंथपालबाई धुऊन गेल्या, त्या सारख्या उजवा कान चोळत होत्या. मधलीने धुतले. वहिनीने धुतले, तांब्या खाली ठेवला आणि ती बाजूला झाली. धाकट्या काकू तांब्या उचलायला वाकल्या आणि निम्म्यातच थांबल्या. खाली जाता येईना, वर येता येईना. वहिनी पुढे झाली नाही. बघत राहिली, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आठ महिने झाले," धाकट्या काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "माझा हात पाठीपर्यंत पोचत नाही. आंघोळ म्हणजे काय, समोरून पाणी घेते. कुणाला बोलले नाही."

वहिनीने त्यांना कोपराखाली धरून सरळ उभं केलं. मंगळवारी सकाळी मला सुटी असते, ती म्हणाली, तेव्हा येईन.

धाकट्या काकूंनी तिचा हात सोडला नाही. "मंगळवार फार लांब आहे गं," त्या म्हणाल्या. "तोवर माझा विचार बदलेल. रविवारीच ये."